चैनीचं पाणी

त्या घरात प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर वहिनींकडून यायचं. पेपरवाल्याने दारातून सासऱ्यांना "काय आजोबा, बरं आहे ना?" म्हणून विचारलं, की आजोबांनी तोंड उघडायच्या आत आतून आवाज येई, "बरं कसलं, गुडघा धरलाय त्यांचा, काल रात्रीपासून!" आजोबा मान डोलवत. गुडघा त्यांचा होता, पण माहिती वहिनींची पक्की असे.

वहिनी म्हणजे घरची थोरली सून. नवऱ्यापासून मधल्या जावेच्या शाळकरी मुलीपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. दोन्ही दिरांनी त्यांना 'मुकादम' असं नाव ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची दोघांचीही छाती नव्हती. वहिनींना ते नाव ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचंही. मुकादम नसला तर काम कसं चालतं ते त्यांनी पाहिलं होतं. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा सासूबाई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळलेल्या होत्या, दोन्ही दीर शाळेत जात होते आणि स्वयंपाकघरात कुठली वस्तू कुठे आहे हे घरात एकालाही सांगता येत नव्हतं. नव्या नवरीने तिसऱ्या दिवशी कंबर कसली ती कसलीच.

नवरा बस चालवायचा. दिवसभर प्रवाशांचं ऐकून घेऊन घरी आलं की आपल्याला कुणी काही विचारू नये, एवढीच त्याची इच्छा असे. त्यामुळे दोघांचा संसार छान जमला. पुढच्या खोलीत वहिनींचं शिवणाचं मशीन होतं. त्या शाळेची दप्तरं शिवत. बंद उसवला म्हणून कुणी दप्तर परत आणलं, तर आधी आत काय काय कोंबलं होतं याची चौकशी होई. बहुतेक गिऱ्हाइकं दुसऱ्या वाक्यालाच गप्प बसत आणि दप्तर मात्र फुकटात दुरुस्त करून घेऊन जात.

घर दुमजली, अरुंद आणि गजबजलेलं. खाली पुढची खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि काचा लावून बंद केलेली गॅलरी. राहणारी माणसं अकरा. नळ एक, मीटर एक, टाकी एक. सकाळी अंघोळीला कुणी कुणाच्या मागे जायचं ते वहिनींनी ठरवून दिलेलं होतं आणि तो क्रम दगडावरची रेघ होता. औषधांच्या दुकानात काम करणारे मधले भाऊजी एकदा आपला नंबर सोडून धाकट्याच्या आधी न्हाणीघरात शिरले, तर वहिनींनी बाहेरून दार वाजवून त्यांना साबणासकट बाहेर काढलं. जेवायला एका वेळी सगळे मावत नसत, म्हणून दोनदा पानं मांडावी लागत. पण भांडी उतरत एकाच चुलीवरून. चूल म्हणजे अर्थात गॅस. पण आपल्या भाषेत घराचं मोजमाप अजून चुलीनेच होतं. भाऊ भाऊ वेगळे झाले तर त्यांनी वेगळा गॅस मांडला, असं कुणी म्हणत नाही.

आणि ही एक चूल हा वहिनींच्या आयुष्याचा अभिमान होता. त्यांच्या माहेरी वडील आणि काका एकत्र राहत. मग काहीतरी बिनसलं, मधे भिंत आली. लहानपणी रोजच्या सवयीने त्या काकूकडे जेवायला गेल्या, तेव्हा काकूने दारातच गालावरून हात फिरवून म्हटलं होतं, "अगं, तुमच्याकडे झालं असेल ना आता जेवण?" काकू वाईट नव्हती. तिने वाईट काही म्हटलंही नव्हतं. पण ती मुलगी त्या दारातून जी परत फिरली, ती आपण ज्या घरात जाऊ तिथे असं दार होऊ द्यायचं नाही, हे ठरवूनच.

अशा या घराच्या तोंडचं पाणी पाणीपट्टीनेच पळवलं.

एका संध्याकाळी मधल्या भाऊजींनी दुकानातून पेपर आणला आणि जेवताना वाचून दाखवला. शहराच्या पाणीखात्याने घरगुती पाण्याचे नवे दर सुचवले होते. जो कमी पाणी वापरेल त्याला स्वस्त, जो जास्त वापरेल त्याला महाग, आणि मोजणी दर नळामागे. सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग टप्प्याला खात्याने नाव दिलं होतं, 'चैनीचा वापर'.

"आपण कुठे येतो त्यात?" धाकट्या भाऊजींनी विचारलं. ते वायरमन होते आणि घरात सगळ्यात भाबडे.

"वरच्या टप्प्यात," मधले म्हणाले. "चैनीत."

"कोण चैनीत?" वहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला. "अकरा माणसांच्या अंघोळी म्हणजे चैन? आजोबांची चादर रोज धुवावी लागते ती चैन?"

"नळ एक म्हणजे घर एक, असं धरलंय त्यांनी. आत दोन माणसं आहेत की अकरा, ते नळाला कसं कळणार? बागेला पाणी पाजणारे आणि आपण एकाच रांगेत." मधल्या भाऊजींनी घसा खाकरला. ते हिशेबी होते, पण मनाने वाईट नव्हते. "यातून एक वाट आहे. चूल वेगळी असेल तर वेगळा नळ मिळतो. तिघा भावांचे तीन नळ घेतले, तर तिन्ही स्वस्तात बसतील."

धाकटी जाऊ मुलांना वाढत होती, तिचा हात क्षणभर थांबला. वहिनींना ते दिसलं. पोरगी घाबरली, असं त्यांना वाटलं.

"पाण्यापायी चूल मोडायची?" त्या म्हणाल्या. "मी आहे तोवर नाही. घाबरू नका कुणी. बघते मी त्या पाणीखात्याकडे."

आणि त्यांनी खरोखरच पाहिलं. दरांवर लोकांचं म्हणणं ऐकण्यासाठी खात्याने एक सभा ठेवली होती. तोपर्यंतच्या दिवसांत वहिनींनी आसपासची एकही गल्ली सोडली नाही. दप्तरं पोचवायला म्हणून निघायच्या आणि दारोदार विचारायच्या, "तुमच्याकडे माणसं किती? नळ किती?" घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, तसंच निघालं. बेकरीवाल्याच्या घरी तीन पिढ्या एका नळावर होत्या. नर्सबाईंच्या दोन विधवा बहिणी मुलाबाळांसकट त्यांच्याकडे राहत होत्या. सगळे चडफडत होते, पण सभेला यायचं म्हटलं की प्रत्येकाला नेमकं त्याच दिवशी काम निघत होतं. वहिनींनी कुणाला गोड बोलून, कुणाला लाज आणून, तर बेकरीवाल्याला सरळ दम देऊन तयार केलं. "तुझी भट्टी जळाली तेव्हा आमच्या टाकीतलं पाणी नेलंस ना? मग आता पाय का जड झाले?"

सभा पालिकेच्या लांबट सभागृहात होती. पंखे आवाज जास्त करत होते आणि वारा कमी देत होते. समोर टेबलामागे अधिकारी बसले होते. सकाळपासून लोकांचं ऐकून बिचारे दमले होते, तरी आवाज चढवत नव्हते. वहिनींची पाळी आली. घरी त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नसे, पण माइकमधून स्वतःचाच आवाज अंगावर आला आणि त्या गडबडल्या. पाठ करून आणलेलं सगळं विसरल्या. आकडे उलटसुलट झाले. मागून कुणीतरी हसलं. कान तापले, पण त्या जागेवरून हलल्या नाहीत.

"मला आकडे नीट सांगता येत नाहीयेत," शेवटी त्या म्हणाल्या. "राहू देत आकडे. तो 'चैन' शब्द आधी काढा."

"बाई, ते फक्त टप्प्याचं नाव आहे," अधिकारी समजुतीने म्हणाले.

"मग बदला ना नाव. बारशाला बोलावलंत म्हणूनच आलोय आम्ही. आणि घरातली माणसं मोजा. माणसं न मोजता पाणी मोजलंत, तर मोठ्या घरांना वेगळं व्हायला तुम्हीच लावताय. आमच्यात भांडण नाही, तंटा नाही, आणि तुमच्या दरासाठी आम्ही चुली मोडायच्या?"

"तुमचं म्हणणं लिहून घेतलंय. बसा आता."

"लिहिलंत ते वाचून दाखवा, मग बसते."

आता सभागृहात हसू उमटलं ते निराळं होतं. बेकरीवाला उठून उभा राहिला. नर्सबाई उठल्या, त्यांच्या बहिणी उठल्या. कुणी घोषणा दिली नाही की कुणी काही आपटलं नाही. नुसते उभे राहिले. अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं, तेव्हाच वहिनी बसल्या.

पाणीखातं काही एका बाईमुळे बदलत नाही. पण अशा तक्रारी शहरभरातून आल्या असाव्यात. सुधारलेले दर आले तेव्हा वरच्या टप्प्याचं नाव 'अतिरिक्त वापर' झालं होतं. आणि एका चुलीवर आठ किंवा अधिक माणसं जेवत असतील त्या घराला सवलत होती. तपासनीस घरी येऊन खात्री करणार होते, कारण सवलत म्हटली की लोक शेजाऱ्यांनाही चुलतभाऊ करतात. वहिनींना सवलतीपेक्षा तो बदललेला शब्द जास्त सुखावून गेला. त्या दिवशी मशीन नुसतं पळत होतं. "चैन काढायला लावली," असं त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होत्या, आणि दप्तराची चेन खराब झाली की काय म्हणून गिऱ्हाईक आत बघत होतं.

तपासणीला एक बाई आल्या, साधारण धाकट्या जावेच्याच वयाच्या. वहिनींनी सगळ्यांना कामावर, शाळेत जाऊ न देता थांबवून ठेवलं होतं. बाईंनी नळ पाहिला, मीटर पाहिलं, वरच्या खोल्यांतून फिरून आल्या. स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली पाहून त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आता एकच विचारायचंय. तुम्ही सगळे याच चुलीवर जेवता ना?"

"सगळे," वहिनी म्हणाल्या. "अकराच्या अकरा."

"तसं नाही, प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतः सांगायचं. आमचा तसा नियम आहे. आजोबा, तुम्ही?"

आजोबांनी सवयीने वहिनींकडे पाहिलं. "हो म्हणा," वहिनी म्हणाल्या. "हो," आजोबा म्हणाले. नवरा हो म्हणाला. मधले भाऊजी, मधली जाऊ, धाकटे भाऊजी, सगळे हो म्हणाले. राहिली धाकटी. ती ओट्याला टेकून उभी होती, खाली बघत.

"बुजरी आहे ती," वहिनी म्हणाल्या. "बोल गं, हो म्हण."

"आज हो," धाकटी म्हणाली.

तपासनीस बाईंनी पेन थांबवलं. "आज म्हणजे?"

"आज एकच चूल आहे. पण मला वेगळी मांडायचीय. वरच्या गॅलरीत."

धाकटे भाऊजी "अगं, काय बोलतेस!" म्हणून ओरडले. मधल्या जावेने तोंडावर हात ठेवला. वहिनींना आधी काही कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा अंगाचा भडका उडाला.

"इतकी वर्षं मूग गिळून बसलीस आणि आज परक्या माणसासमोर अब्रू काढतेस? मी तिकडे सभेत माती खाल्ली ती कुणासाठी?"

"घरात मला विचारलं कधी कुणी, वहिनी?" धाकटीने आता मान वर केली. "माझ्याकडे प्रश्न आला की उत्तर तुम्हीच देता. आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की माझं उत्तर मीच द्यायचं. मग खोटं कसं बोलू?"

"कमी काय आहे तुला इथे? कोण छळतं?"

"कुणी नाही. तुम्ही माझ्या आईपेक्षा जास्त केलंत. माझ्या दोन्ही बाळंतपणात तुम्ही रात्र रात्र जागलात. पण वहिनी, अकरा वर्षं मी या घरात रांधतेय. चिरते, वाटते, ढवळते. एकदाही माझ्या हाताने मीठ घातलेलं नाही. मला मीठ घालायचंय. कमी पडू दे, खारट होऊ दे, पण माझं."

यात अतिशयोक्ती नव्हती. धाकटी या घरात यायच्या आधी एकदा वहिनींनी आणि मधलीने एकाच पातेल्यात न सांगता मीठ घातलं होतं आणि सगळ्या घराचं जेवण फुकट गेलं होतं. तेव्हापासून स्वयंपाक कुणीही करो, मीठ वहिनींनीच घालायचं, असा घराचा कायदा झाला. कायदा चांगला होता. त्यानंतर एकही पातेलं खारट झालं नाही. वहिनी घरी नसल्या तर जावा झाकण ठेवून त्यांची वाट बघत. वहिनींना वाटायचं, काय शिस्त आहे माझ्या घराला!

मधल्या भाऊजींनी मनातल्या मनात वजाबाकी केली होती. "धाकट्याची चार माणसं गेली की आपण सात उरतो," ते हलकेच म्हणाले. "आठ लागतात."

तपासनीस बाई अवघडून गेल्या होत्या. बिचाऱ्या पाणी तपासायला आल्या होत्या. "हे बघा," त्या म्हणाल्या, "आत्ता तर चूल एकच आहे ना? मी एकच लिहिते. पुढे घरात तुम्ही काय करायचं ते करा. कुणी लगेच बघायला येत नाही."

सगळ्यांनी श्वास सोडला. धाकटीनेही. तिने डोळे पुसले, अगदी सहज मान हलवली आणि म्हणाली, "हो, एकच लिहा. जाऊ दे. मी उगीचच बोलले." आणि ती वळून पातेल्यावरचं झाकण सारखं करू लागली.

ते 'जाऊ दे' वहिनींच्या काळजात घुसलं. किती सफाईने आलं होतं! घासून घासून गुळगुळीत झालेलं. असे किती 'जाऊ दे' या ओट्याशी झाले असतील, आणि आपण त्यांना होकार समजत राहिलो. भांडण नाही, तंटा नाही, असं त्या भर सभेत सांगून आल्या होत्या. खरंच नव्हतं. भांडायला दोन माणसं लागतात, आणि इथे बोलायची मुभा एकीलाच होती. त्यांना राग आला होता, अपमान वाटत होता, रडू येत होतं, सगळं एकदमच. माहेरच्या भिंतीची भीती पोटात तशीच होती, ती काही कुठे गेली नव्हती.

"दोन लिहा," त्या म्हणाल्या.

"वहिनी!" मधले भाऊजी म्हणाले. "एवढं झगडून मिळवलेलं..."

"मीच झगडले ना? मग मीच सोडते."

"पण आत्ता एकच असताना दोन कशाला?" तपासनीस बाईंनी विचारलं. "सवलत जाईल तुमची."

"बाई, आज एक लिहिलंत ना, की उद्या ही चूल मांडायला निघाली तर घरातलं कुणीतरी म्हणेल, थांब, सवलत जाईल. परवा पुन्हा म्हणेल. कुणी नाही म्हटलं तर मी म्हणेन. मला मी चांगली ओळखते." वहिनींनी धाकटीकडे पाहिलं. "आणि ही पुन्हा जाऊ दे म्हणेल. तुमच्या पाण्यासाठी मी चूल मोडणार नव्हते. तशी तुमच्या पाण्यासाठी मी ती टिकवणारही नाही. दोन लिहा."

तपासनीस बाईंनी दोन लिहिलं. नव्या नळासाठी कुठे जायचं ते सांगितलं आणि त्या निघाल्या. त्या गेल्यावर मधले भाऊजी दुकानात गेले, मुलं शाळेत गेली. नवऱ्याने जाता जाता, कधी नव्हे तो, वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनी पुढच्या खोलीत मशीनपाशी जाऊन बसल्या आणि पदराने तोंड दाबून पोटभर रडल्या. रडताना त्यांना धाकटीचा राग येतच होता. मग तोंड धुतलं, खुंटीवरची मोजपट्टी घेतली आणि जिना चढून गॅलरीत गेल्या.

धाकटी तिथेच होती, जुन्या पेट्यांच्या ढिगापाशी. काय करावं ते न सुचल्यासारखी.

"कुठल्या बाजूला ओटा हवा तुला?" वहिनींनी विचारलं.

धाकटी बघत राहिली. वहिनींच्या तोंडात उत्तर तयार होतं. उजेड डावीकडून येतो, तेव्हा ओटा डावीकडेच बरा. त्यांनी ते दातांमागे धरून ठेवलं, आणि ते धरून ठेवणं सभेत उभं राहण्यापेक्षा जड गेलं.

"उजवीकडे," धाकटी म्हणाली. मग घाबरत विचारलं, "वहिनी, रागावलात ना माझ्यावर?"

"रागावलेच आहे," वहिनी म्हणाल्या आणि मोजपट्टीचं दुसरं टोक तिच्यापुढे केलं. "धर हे. नीट ताणून धर."